निवड नगराची, मान्यता बादशहाची
व्हिएन्नाच्या महापौरपदाचा वाद, १८९५–१८९७

निवडणुकीचा इतिहास सांगताना कोण निवडून आला आणि किती मतांनी आला, एवढे नोंदवून लेखणी खाली ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु काही निवडणुका अशा असतात की, त्यांचा निकाल लागल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना येथे १८९५ ते १८९७ या दोन वर्षांत महापौरपदाच्या संबंधाने जे घडले, ते या प्रकारचे होय. एकाच गृहस्थाला नगरसभेने पाच वेळा निवडले आणि पाचव्या खेपेस त्याला खुर्ची मिळाली. मधल्या काळात नगरसभा दोनदा विसर्जित झाली, नगरवासीयांना दोनदा पुन्हा मतदान करावे लागले आणि दोन्ही वेळा शहराचा कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती गेला.

नगराने निवडावे आणि वरिष्ठ सत्तेने नाकारावे, हा प्रकार आपल्याकडील वाचकाला अपरिचित नाही. नगरपालिका बरखास्त होऊन तिच्या जागी प्रशासक बसल्याचे आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या गावी पाहिले आहे. अशा प्रसंगी आपली सहानुभूती आपोआप निवडून आलेल्यांकडे जाते, आणि बहुधा ते योग्यच असते. व्हिएन्नाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. तेथे निवडला गेलेला पुरुष, डॉ. कार्ल लुएगर, हा यहुदीद्वेषाच्या प्रचारावर आरूढ होऊन वर आलेला होता. आणि त्याला नाकारणारा बादशहा सर्व धर्मांच्या प्रजाजनांना समान हक्क देणाऱ्या राज्यघटनेचा रक्षक म्हणून उभा होता. म्हणजे मताचा अधिकार एका बाजूस आणि न्यायाची चाड दुसऱ्या बाजूस, अशी ही विलक्षण विभागणी होती. ती कशी झाली आणि तिचे पर्यवसान कशात झाले, हे थोडे विस्ताराने सांगण्याचा आमचा हेतू आहे.

त्या काळच्या व्हिएन्नाचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १८९० च्या शिरगणतीत, आसपासची उपनगरे धरून, शहराची लोकसंख्या तेरा लाखांवर होती आणि १८९२ च्या आरंभापासून ती उपनगरे रीतसर शहरात सामील झाली. गेल्या तीसएक वर्षांचा नगराचा कारभार उदारमतवादी पक्षाच्या हाती होता. हा पक्ष म्हणजे मोठे व्यापारी, घरमालक, वकील, प्राध्यापक आदी सुशिक्षित व सधन मंडळी होय. त्यांनी शहराचे भले केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे निर्मळ पाणी नळांनी शहरात आणण्याचे मोठे काम त्यांच्याच अमदानीत १८७३ साली पुरे झाले. परंतु त्याच १८७३ साली व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या आणि पुढे दीर्घकाळ मंदी टिकली. शिंपी, चांभार, सुतार, छोटे दुकानदार अशा हातावर पोट असणाऱ्या स्वतंत्र कारागिरांना एका बाजूने कारखान्यांच्या मालाची स्पर्धा आणि दुसऱ्या बाजूने सावकाराचे व्याज असे दुहेरी ओझे सोसावे लागले. व्यापाराचे स्वातंत्र्य हे उदारमतवाद्यांचे ब्रीद होते. त्या स्वातंत्र्यात बुडणाऱ्या माणसाला हात देण्याचे त्यांना सुचले नाही.

याच काळात यहुदी समाजाची स्थिती पालटत होती. १८६७ च्या घटनात्मक कायद्यांनी त्यांना इतर प्रजाजनांच्या बरोबरीचे हक्क मिळाले आणि साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून ते राजधानीत येऊन राहू लागले. १८९० साली व्हिएन्नात त्यांची संख्या सुमारे १ लाख १८ हजार होती. त्यांच्यात मोठे पेढीवाले होते, नामांकित वैद्य, वकील व संपादक होते. आणि पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार फिरणारे दरिद्री फेरीवाले तर त्यांहून किती तरी अधिक होते. संतापलेल्या कारागिराला मंदीची कारणे उमगणे कठीण होते. कोपऱ्यावरचा सावकार किंवा फेरीवाला बोटाने दाखविणे सोपे होते. ज्या राजकारण्याने हा सोपा मार्ग धरला, त्याच्या मागे गर्दी जमू लागली.

या गर्दीला मतपेटीपर्यंत जाता आले, ते मताधिकाराच्या एका सुधारणेमुळे. व्हिएन्नाच्या नगरसभेत १३८ सभासद असत आणि ते निवडण्यासाठी मतदारांचे तीन वर्ग केलेले होते. पहिल्या वर्गात भारी कर भरणारे धनिक व मोठे घरमालक, दुसऱ्यात मध्यम करदाते व त्यांच्या जोडीला सरकारी अधिकारी, शिक्षक, पदवीधर इत्यादी आणि तिसऱ्यात लहान करदाते अशी मांडणी होती. प्रत्येक वर्गाने ४६ सभासद निवडावयाचे. पहिल्या वर्गातील मतदार अवघे काही हजार आणि तिसऱ्यातील त्यांच्या किती तरी पट. तथापि दोघांच्या वाट्यास जागा मात्र सारख्याच. ज्याच्यावर प्रत्यक्ष कराची आकारणीच होत नाही अशा मजुराला मत नव्हते, आणि सर्वसामान्य स्त्रियांचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. मताधिकारासाठी कराची जी किमान रक्कम लागे, ती १८८५ साली पाच गुल्डनपर्यंत खाली आणण्यात आली. या सवलतीने जे हजारो छोटे कारागीर व दुकानदार मतदार झाले, त्यांस लोक ‘पाच गुल्डनवाले’ म्हणूनच ओळखत. आपल्याकडेही ब्रिटिश अमदानीत नगरपालिकेचे मत करदात्यालाच असे; त्यामुळे कराची अट थोडी सैल झाली म्हणजे सभागृहात बसणाऱ्यांचे चेहरे कसे पालटतात, हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता लुएगरकडे वळू. त्याचा जन्म १८४४ साली व्हिएन्नातच झाला. बाप खेड्यातून आलेला, सैन्यात नोकरी करून पुढे तांत्रिक महाविद्यालयात शिपायाच्या कामावर राहिलेला. बाप वारल्यावर आईने तंबाखूचे दुकान चालवून संसार सावरला. मुलगा बुद्धिमान निघाला. थेरेझियानुम या सरदारपुत्रांच्या विद्यालयात घरून जाऊन-येऊन शिकला, कायद्याचा डॉक्टर झाला आणि १८७५ साली नगरसभेत शिरला. आरंभी तो स्वतः उदारमतवादीच होता. नगरसभेतील लाचलुचपत व कंत्राटांतील गैरव्यवहार बाहेर काढण्याच्या कामी त्याचा निकटचा सहकारी होता डॉ. इग्नाझ मांडल, आणि हा मांडल यहुदी होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लुएगरच्या ठायी यहुदीद्वेष काही लहानपणापासून रुजलेला नव्हता. पाच गुल्डनवाल्यांची मने कोणत्या शब्दाने पेटतात, हे त्याने सभासभांतून पाहिले आणि तो शब्द उचलला. मांडलची संगत सुटली. कॅथलिक पंथाचे कनिष्ठ धर्मोपदेशक, कारागिरांच्या संघटना आणि यहुदीद्वेष्टे जथे यांची मोट बांधून त्याने ख्रिस्ती-समाजवादी पक्ष उभा केला. उंच, देखणा, व्हिएन्नाच्या बोलीत विनोद करणारा आणि आयुष्यभर अविवाहित राहिलेला हा वक्ता लोकांच्या गळ्यातील ताईत झाला.

असा द्वेष आपण विचारपूर्वक व प्रसंग पाहून वापरतो, मनात तसे काही नाही, ही सबब त्या वेळी कित्येक जण लुएगरसाठी पुढे करीत आणि पुढेही करीत राहिले. आमच्या मते ही सबब गुन्हा हलका करीत नाही, उलट वाढविते. ज्याचा स्वतःचा विश्वास नाही अशा गोष्टीवर तो हजारोंना विश्वास ठेवावयास लावतो, त्याला अज्ञानाचाही आडोसा राहत नाही.

एप्रिल १८९५ मध्ये दुसऱ्या वर्गाची निवडणूक झाली, आणि तेथे उदारमतवाद्यांना अनपेक्षित तडाखा बसला. कारागिरांचा तिसरा वर्ग हातचा गेला हे त्यांस ठाऊकच होते. परंतु कनिष्ठ अधिकारी व शिक्षक यांचा हा वर्ग ते आपला मानीत आले होते. वास्तविक या शिकलेल्या पण तुटपुंज्या पगारावर दिवस काढणाऱ्या मंडळींची गाऱ्हाणी जुनी होती आणि लुएगरच्या पक्षाने ती बोलून दाखविली होती. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातले असल्याने येथे क्षणभर थांबणे आम्हांस प्राप्त आहे. अक्षरशत्रू जमाव भुलला असे म्हणून या घटनेची वासलात लावता येत नाही. वर्गात इतिहास शिकविणारे आणि कचेरीत कायदा राबविणारे लोक पगाराच्या आशेने द्वेषाच्या पंक्तीस जाऊन बसले. त्यांतील पुष्कळांना पंक्तीतले सगळे पदार्थ आवडत नव्हते. पण त्यांनी पान मात्र वाढून घेतले.

सत्ताधाऱ्यांचे बहुमत इतके खचले की, महापौर रायमुंड ग्र्यूब्ल यांनी राजीनामा दिला. २९ मे १८९५ रोजी नगरसभेने लुएगरला महापौर निवडले. परंतु मताधिक्य अगदी काठावरचे होते, आणि अशा आधारावर कारभार चालणार नाही असे पाहून त्याने स्वतःच पद नाकारले. सभा विसर्जित झाली, कारभार पाहण्यास सरकारी आयुक्त नेमला गेला. सप्टेंबरात तिन्ही वर्गांचे नव्याने मतदान झाले, तेव्हा १३८ पैकी ९२ जागा लुएगरच्या बाजूने गेल्या आणि उदारमतवाद्यांकडे ४६ उरल्या. आता काठावरचा प्रश्न राहिला नव्हता. २९ ऑक्टोबरला लुएगर ९३ मतांनी पुन्हा निवडला गेला.

तथापि व्हिएन्नाच्या नगरकायद्यात एक कलम असे होते की, नगरसभेने निवडलेल्या महापौरास बादशहाची मान्यता मिळाल्यावाचून तो अधिकारावर येऊ शकत नाही. हे कलम आजवर केवळ उपचाराचे वाटे. आता त्याला दात असल्याचे दिसून आले. मुख्य प्रधान काउंट काझिमिर बादेनी याच्या सल्ल्यावरून बादशहा फ्रान्झ योझेफ याने नोव्हेंबरच्या आरंभी मान्यता नाकारली. कारणे एकाहून अधिक होती. नागरिकांच्या एका संपूर्ण समाजाविरुद्ध चळवळ करणारा मनुष्य साम्राज्याच्या राजधानीचा प्रमुख असणे घटनेशी विसंगत होते. त्याच्या सभांतील दंगामस्तीची बादशहाला मनापासून तिडीक होती. शिवाय लुएगर हंगेरीवर कठोर टीका करीत असे, आणि दुहेरी राज्याचा दुसरा भाग असलेल्या हंगेरीच्या सरकारलाही तो महापौर नको होता. म्हणजे न्यायबुद्धी आणि राज्याची सोय या दोहोंनी मिळून हा नकार दिला. किती भाग कशाचा, हे वेगळे करून दाखविणे अवघड आहे.

यहुदी समाजाला हा नकार म्हणजे मोठा दिलासा वाटला. पुढे मानसशास्त्रात युगप्रवर्तक ठरलेले डॉ. सिग्मंड फ्रॉइड तेव्हा व्हिएन्नात वैद्यकी करीत होते. प्रकृतीसाठी त्यांनी धूम्रपानावर नियंत्रण घातले होते. मात्र लुएगरला मान्यता नाकारल्याच्या दिवशी आनंदाच्या भरात आपण तो नियम मोडल्याचे त्यांनी एका मित्राला पत्राने कळविले. दुसरा एक यहुदी लेखक, थिओडोर हर्झल, पॅरिसहून नुकताच व्हिएन्नाला परतला होता. सप्टेंबरच्या मतदानाचे वातावरण त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि त्याचे मन निराळ्या दिशेला वळलेले होते, ते अधिक घट्ट झाले. यहुद्यांचे स्वतंत्र राज्य असावे, असे प्रतिपादन करणारी त्याची पुस्तिका फेब्रुवारी १८९६ मध्ये व्हिएन्नातच प्रसिद्ध झाली. एकाला राजाच्या हुकमाने हायसे वाटले. दुसऱ्याने ओळखले की, शेजाऱ्यांची मने फिरल्यावर राजाचा हुकूम फार दिवस पुरणार नाही.

नगरसभेने हार मानली नाही. १३ नोव्हेंबर १८९५ रोजी तिने लुएगरलाच पुन्हा निवडले, आणि सरकारने सभा तत्काळ विसर्जित केली. पुन्हा आयुक्त आला. फेब्रुवारी-मार्च १८९६ मध्ये पुन्हा मतदान झाले, तेव्हा लुएगरच्या जागा घटण्याऐवजी ९२ वरून ९६ झाल्या. नकाराने त्याचे बळ खच्ची होईल, ही अपेक्षा खोटी ठरली. लोकांच्या दृष्टीने आता तो केवळ एका पक्षाचा पुढारी उरला नव्हता. राजवाडा आणि धनिक यांनी मिळून ज्याच्यावर अन्याय केला असा, नगराच्या हक्कांसाठी झगडणारा वीर झाला होता. १८ एप्रिलला त्याची चौथी निवड झाली. या वेळी बादशहाने त्याला २७ एप्रिल रोजी भेटीस बोलाविले आणि तूर्त बाजूला होण्याची इच्छा दर्शविली. लुएगर धोरणी होता. त्याने बादशहाचा शब्द राखला. त्याच्या पक्षाचा योझेफ स्ट्रोबाख हा पुस्तकविक्रेता महापौर झाला आणि लुएगर उपमहापौर. कारभार कोण चालवितो, हे शहरात सर्वांना ठाऊक होते.

हा तोडगा वर्षभर चालला. दरम्यान मार्च १८९७ च्या साम्राज्यव्यापी निवडणुकीत ख्रिस्ती-समाजवाद्यांचे बळ वाढले. रोमहून पोप तेरावे लिओ यांचा कल या पक्षास अनुकूल असल्याने दरबारातील धर्मनिष्ठ मंडळींचा विरोधही मऊ पडला होता. आणि बादेनी स्वतः एका नव्या संकटाच्या तोंडाशी होता. बोहेमियातील कचेऱ्यांत जर्मनच्या बरोबरीने चेक भाषा चालावी, असे त्याचे हुकूम त्याच एप्रिल महिन्यात निघाले. जर्मन भाषिक खवळणार हे उघड असताना व्हिएन्नाशी दुसरे भांडण चालू ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. स्ट्रोबाख बाजूला झाला, ८ एप्रिल १८९७ रोजी लुएगरची पाचवी निवड झाली, आणि थोड्याच दिवसांत बादशहाची मान्यता आली. ज्या तत्त्वासाठी दीड वर्ष नकार दिला, ते तत्त्व सोयीचा वारा फिरताच बाजूला ठेवले गेले. बादेनीलाही या तडजोडीचा उपयोग झाला नाही. भाषेच्या प्रश्नावरून दंगली उसळल्या आणि नोव्हेंबर १८९७ मध्ये त्याला अधिकारपद सोडावे लागले.

१८९७ पासून मार्च १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत लुएगर महापौर होता, आणि त्याची कर्तबगारी अमान्य करणे शक्य नाही. रस्त्यांवरील दिव्यांचा व घरांतील वायू इंग्रज कंपनी पुरवीत असे. त्याऐवजी नगराचा स्वतःचा वायुकारखाना १८९९ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ वीजनिर्मिती व ट्राम ही कामे नगराने आपल्या ताब्यात घेतली. वृद्ध निराधारांसाठी लाइन्झ येथे १९०४ मध्ये विशाल आश्रम उभारला. शहराभोवतालची वने व कुरणे बांधकामापासून राखून ठेवण्याचा ठराव १९०५ साली झाला, आणि त्याची फळे व्हिएन्ना आजही भोगीत आहे. आल्प्सहून पाणी आणणारी दुसरी मोठी वाहिनी त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी वाहू लागली. मोठमोठी कर्जे काढून, उत्पन्न देणारे उद्योग नगराच्या मालकीचे करावयाचे आणि त्यांच्या नफ्यातून लोकोपयोगी कामे करावयाची, ही त्याची पद्धत पुढे अनेक नगरांना आदर्श वाटली.

या जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. यहुद्यांचे कायद्याने मिळालेले हक्क त्याला काढून घेता आले नाहीत, कारण ते साम्राज्याच्या घटनेत होते. परंतु नगराच्या नोकऱ्यांत व कंत्राटांत त्यांना डावलले जाई, आणि सभांतील भाषा बदलली नाही. यहुद्यांखेरीज आणखी एक समाज या राजवटीत परका ठरला. विटांच्या भट्ट्यांत, शिंपीकामात आणि घरकामात राबणारे चेक लोक १९०० च्या सुमारास शहरात लाखाच्या घरात होते. त्यांच्या मुलांसाठी कोमेन्स्की संस्थेने फावोरिटेन विभागात १८८३ पासून शाळा चालविली होती; तिला सरकारमान्य शाळेचा दर्जा मिळू शकला नाही. १९०० च्या नव्या नगरकायद्यान्वये नागरिकत्वाचा अधिकार घेणाऱ्याला शहराचे जर्मन स्वरूप राखण्याची शपथ घ्यावी लागे. ज्याने आपल्या श्रमाने त्या शहराच्या भिंती उभारल्या, त्याने आपली भाषा त्या भिंतींच्या बाहेर ठेवून आत यावे, असाच त्या शपथेचा अर्थ होता. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात घरे करून राहिलेल्या आणि तरीही आपल्या मुलांना मराठी धुळाक्षरे गिरवावयास लावणाऱ्या आमच्या वाचकांना या कलमाची बोच भाष्यावाचून कळेल.

त्याच १९०० च्या कायद्यातील दुसरी तरतूद तितकीच बोलकी आहे. मजुरांनाही मत हवे, ही मागणी आता टाळता येण्यासारखी राहिली नव्हती. तेव्हा सर्व प्रौढ पुरुषांसाठी चौथा मतदारवर्ग निर्माण करण्यात आला. पण जुन्या १३८ जागा तशाच ठेवून या अवाढव्य वर्गाला केवळ २० जागा दिल्या, आणि वर तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. कामाच्या शोधात बिऱ्हाड बदलत राहणारा मजूर या अटीत हमखास अडके. पहिल्या निवडणुकीत समाजवादी लोकशाही पक्षाचे दोनच सभासद निवडून आले, याकोब रॉयमान व फ्रान्झ शूमायर. मताधिकाराची दारे किलकिली झाली तेव्हा ज्या पुरुषाला आत येण्यास वाट मिळाली, त्यानेच आत आल्यावर मागून येणाऱ्यांसाठी ती जवळजवळ लावून घेतली.

लुएगरच्या हयातीत व्हिएन्नात यहुद्यांची कत्तल झाली नाही, घरे जळाली नाहीत. म्हणून त्याचा द्वेष केवळ व्यासपीठावरचा होता, असा युक्तिवाद करण्यात येतो. पण शब्द बोलणाऱ्याबरोबर मरत नाहीत. १९०८ च्या आरंभी एक बेकार तरुण व्हिएन्नात राहावयास आला आणि पाच वर्षे राहिला. हा ॲडॉल्फ हिटलर होय. आपल्या आत्मवृत्तात्मक ग्रंथात त्याने लुएगरची मुक्त प्रशंसा केली आहे. जनसमूहाला कसे हाती धरावे, याचा धडा त्याने या महापौरापासून घेतला. मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, आणि त्यानंतरच्या सात वर्षांत ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार यहुदी मारले गेले. या संहाराचा दोष एकट्या लुएगरवर ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु जमीन कोणी नांगरली, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे नाव टाळताही येत नाही. व्हिएन्ना विद्यापीठासमोरचा राजमार्ग दीर्घकाळ त्याच्या नावाने ओळखला जाई. २०१२ साली ते नाव काढून त्यास विद्यापीठाचे नाव देण्यात आले.

तर मग बादशहाचा नकार बरोबर होता की चूक? आमचे मत असे की, नकारामागील भावना योग्य होती, पण तो नकार ज्या हातांनी दिला त्या हातांत तो टिकणे शक्य नव्हते. आयुष्यभर नगराच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणारे उदारमतवादी, स्वतःचा पराभव होताच, त्याच स्वायत्ततेविरुद्ध राजवाड्याच्या छत्राखाली गेले. त्यामुळे त्यांच्या तत्त्वावरचाही लोकांचा विश्वास उडाला. कारागिराच्या कर्जाचे काय, शिक्षकाच्या पगाराचे काय, मजुराच्या मताचे काय, या प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे अधिकार भोगून त्यांनी मताचे क्षेत्र लहान ठेवले आणि शेवटी त्या लहान क्षेत्रातच त्यांचा पाडाव झाला. वरून आलेला हुकूम विष उतरवू शकला नाही. त्याने ते काही महिने झाकून ठेवले, आणि झाकणाखाली ते अधिकच आंबले.

खरे उत्तर फार उशिरा, आणि दुसऱ्याच दिशेने आले. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य लयास गेले, वर्गवारीचे मतदान संपले आणि ४ मे १९१९ रोजी व्हिएन्नात सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी प्रथमच समान मताने नगरसभा निवडली. १६५ पैकी १०० जागा समाजवादी लोकशाही पक्षाला मिळाल्या, आणि १९०० साली दोघांपैकी एक म्हणून निवडून आलेला याकोब रॉयमान महापौर झाला. त्याच्यानंतर १९२३ मध्ये या पदावर आलेला कार्ल झाइट्झ हा मूळचा शाळाशिक्षक होता. या पक्षाच्या राजवटीत १९३४ पर्यंत कामकऱ्यांसाठी ६० हजारांहून अधिक घरे बांधली गेली. लुएगरने नगराला उद्योगांचे मालक केले होते. या मंडळींनी तेच साधन एखाद्या समाजाकडे बोट न दाखविता वापरून दाखविले. गरिबाचे हित साधण्यासाठी द्वेषाची गरज होती, हा दावा यामुळे निकालात निघाला.

शाळांतून नागरिकशास्त्र शिकविताना आपण मुलांना सांगतो की, ज्याला अधिक मते तो विजयी. हे सांगितलेच पाहिजे. कारण याहून बरा नियम अद्यापि सापडलेला नाही, आणि बादशहाच्या मर्जीवर भरवसा ठेवण्यातला धोका व्हिएन्नाच्याच गोष्टीत दिसून आला आहे. पण त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली ही की, मते मोजण्यापूर्वी मत कोणाकोणाला आहे हे विचारावे. कारण ज्यांना गणतीत घेतलेच नाही, त्यांच्या नावाने कोणताही कौल सांगता येत नाही. आणि दुसरी ही की, बहुमताने कारभाराचा अधिकार मिळतो, शेजाऱ्याला परका ठरविण्याचा अधिकार मिळत नाही. पहिली गोष्ट कायद्याने साधता येते. दुसरी साधण्यासाठी मात्र मतदान करणाऱ्या माणसालाच, विशेषतः चार अक्षरे शिकलेल्या माणसाला, मतपेटीपाशी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : मला जे हवे आहे ते देऊ करणारा हा गृहस्थ ते कोणाच्या ताटातले काढून देणार आहे? १८९५ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाच्या दुसऱ्या वर्गातील शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता, तर बादशहावर नकार देण्याची वेळ कदाचित आलीच नसती.